डागडुजी खाते

आमच्या मातोश्रींनी सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांचा संसार चाळीस वर्षे केला आणि त्या चाळीस वर्षांचा जमाखर्च लाल कापडी बांधणीच्या वह्यांतून नेमाने लिहून ठेवला. किराणा, दूध, शाळेची फी, औषधपाणी, लग्नमुंजीचे आहेर अशा सदरांच्या अखेरीस त्या वह्यांत ‘डागडुजी’ नावाचे एक स्वतंत्र खाते असे. भांड्यांना कल्हई, पाट्याला टाकी, स्टोव्हचा वॉशर व दोन पिना, छत्रीची एक काडी, शिवणयंत्राचा पट्टा, रेडिओचा एक व्हॉल्व्ह, अशा त्या नोंदी. यंदाच्या श्रावणात मी त्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या आणि एका बैठकीत केवळ हे एक खाते वाचून काढले. रकमा लहान होत्या, आणि काळ ध्यानी घेतला म्हणजे त्यात नवल नाही. परंतु त्या रकमांहून दोन गोष्टी माझ्या मनात अधिक रुतून बसल्या. पहिली ही, की वर्षारंभी आई या खात्याला अंदाजाने जी रक्कम नेमून देई ती वर्षअखेरीस क्वचितच चुके. म्हणजे आपल्या घरातील वस्तू आपल्याला पुढे किती खर्चात पाडणार आहेत हे तिला आगाऊ ठाऊक असे. दुसरी ही, की एकाच वस्तूच्या नोंदीपुढे निरनिराळ्या वर्षी निरनिराळ्या कारागिरांची नावे आहेत. एकाने अधिक सांगितले की ती दुसऱ्याकडे जाई. आमचा रेडिओ अजून घरात आहे; त्याच्या पेटीच्या मागच्या पुठ्ठ्यावर, आतल्या बाजूने, तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येक तारखेपुढे कोणता व्हॉल्व्ह बदलला ते नमूद केलेले आहे. एका कारागिराने आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी कारागिरासाठी ठेवलेला तो दाखला होता.

वह्या काढण्याचे कारण असे घडले. आमचे कपडे धुण्याचे यंत्र, ज्याला घरात येऊन सात वर्षे झाली होती, एका सकाळी पाणी घेईनासे झाले. कंपनीच्या मदत-केंद्राला दूरध्वनी केला. दुसऱ्या दिवशी गणवेश घातलेला एक विनयशील तरुण आला, त्याने मागचे झाकण उघडून दहा मिनिटे पाहणी केली आणि सांगितले, ‘सर, बोर्ड गेलाय. पूर्ण बदलावा लागेल.’ बोर्डाची किंमत आठ हजार नऊशे रुपये, मजुरी निराळी, त्यावर वस्तू व सेवा कर अठरा टक्के, आणि जुना बोर्ड कंपनीकडे जमा करावयाचा. काम करून घेतले नाही तरी तपासणीचे शुल्क द्यावेच लागेल, हे त्याने संकोचाने सांगितले. नव्या बोर्डाची हमी किती मुदतीची असे विचारता तीन महिने असे उत्तर मिळाले. जाता जाता त्याने, आवाज थोडा खाली आणून, आणखी थोडे पैसे घालून नवेच यंत्र घ्यावे, जुन्याचे काही वजा करून देणारी योजना सध्या चालू आहे, असाही सल्ला दिला. त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला सुटा भाग दुरुस्त करण्याची मुभा नाही आणि शिकवणही नाही. अख्खा बोर्ड काढणे आणि अख्खा बोर्ड बसवणे एवढीच त्याची सनद.

बोर्ड खोक्यात घालून मी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. पुण्याच्या लोकांना ती गल्ली निराळी सांगावयास नको; विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकाने तिथे खांद्याला खांदा लावून उभी आहेत, आणि त्यांच्या मधल्या जिन्यांवरून वर गेले की अंधाऱ्या माडीवर, भिंगाच्या दिव्याखाली मान वाकवून बसलेले कारागीर भेटतात. ज्यांच्याकडे मी गेलो ते पंचावन्न वर्षांचे असावेत. सारी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. बोर्डावर पारदर्शक, घट्ट असा एक थर ओतलेला होता. पुण्याच्या पावसाळी ओलाव्यापासून आणि झुरळांपासून बोर्डाचे रक्षण व्हावे म्हणून हा थर असतो आणि तो उपयोगीही पडतो, हे मास्तरांनी मला प्रथम सांगितले, कारण कंपनीच्या बाजूचे जे खरे आहे ते लपवावे अशी त्यांची वृत्ती नव्हती. परंतु तोच थर कारागिराच्या हातालाही अडवतो. गरम हवेने तो मऊ करीत, टोकदार सळईने कणाकणाने खरवडीत त्यांनी एक जागा मोकळी केली आणि तिथला नखाएवढा काळा भाग मला दाखवला. हा ट्रायक, पाणी आत घेणाऱ्या झडपेला वीज सोडणे-बंद करणे हे त्याचे काम.

‘काका, हा मेला नाही, याला मारलाय,’ मास्तर म्हणाले. ‘तुमच्या व्हॉल्व्हच्या कॉइलमध्ये पाणी शिरलं असणार. ती शॉर्ट झाली, तिने याला जाळलं. तुम्ही नवा बोर्ड टाकला असतात तर तोही महिन्यात गेला असता.’

माझ्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणाचा गाभा त्या एका वाक्यात आहे. यंत्र कशाने बिघडले या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजे दुरुस्ती. कोणता भाग विकता येईल या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजे विक्रीच, मग तिला सेवा हे नाव का दिलेले असेना. मास्तरांना त्या बोर्डाचा नकाशा कंपनीकडून मिळत नाही, सुटे भागही मिळत नाहीत. भंगारवाल्यांकडून जुने बोर्ड विकत घेऊन त्यांच्यातले चांगले भाग काढून ठेवावयाचे, अशा डब्यांनी त्यांच्या भिंती भरलेल्या आहेत. नवी झडप, ट्रायक आणि त्यांची मजुरी मिळून मला सतराशे रुपये पडले.

आता मी जे म्हणणार आहे ते नीट समजावे म्हणून आपल्याच मुलखातील दोन जुने शब्द पुढे करतो. पूर्वीच्या जमीनधाऱ्यात शेत कसणारांचे दोन वर्ग असत, मिरासदार आणि उपरी. मिरासदार सारा भरी तोवर त्याला जमिनीवरून कोणी उठवू शकत नसे. ती त्याच्या वंशाकडे जाई, त्याला विकता येई, तिच्यात विहीर खणावी की बांध घालावा हे तोच ठरवी. उपरी मात्र ठरल्या मुदतीपुरता, दुसऱ्याच्या मर्जीने जमीन कसणारा. त्याचे घाम गाळणे खरे, पण त्याचा हक्क उसना. आज आपण दुकानात जाऊन पूर्ण किंमत मोजतो, पावती घेतो, वस्तू घरी आणतो आणि स्वतःस तिचे मिरासदार समजतो. परंतु तिचे झाकण उघडण्याचा खिळा ज्याच्या हत्यारालाच लागेल, तिच्यातील दोषाचा अंक ज्याच्या यंत्रालाच वाचता येईल, तिचा सुटा भाग ज्याच्या कोठारातच मिळेल, आणि त्या भागाची किंमत जो एकटाच ठरवील, त्याच्या मर्जीनेच ती वस्तू आपल्या घरी नांदणार असेल, तर आपण मिरासदाराचे दाम मोजून उपरी झालो आहोत, असे मला सरळ म्हणावेसे वाटते.

दुरुस्तीला पैसे पडू नयेत असे माझे म्हणणे नाही. कारागिराच्या वेळेचे मोल आहे, आणि माझ्या लहानपणी ते फारच कमी दिले जाई. शिवाय पुष्कळ वस्तू, महागाई जमेस धरली, तर पूर्वीपेक्षा स्वस्त झाल्या आहेत, आणि ज्या वस्तूची नवी किंमतच थोडी आहे तिच्यावर दोन तास मेहनत घेणे कारागिराला परवडत नाही. मिक्सरचे उदाहरण घ्या. त्याचे कार्बन झिजले किंवा भांड्याखालचा कपलर तुटला तर काम पाच मिनिटांचे. कपलर तर मुळात मोटारीवर ताण आला असता आपण तुटून तिला वाचवावे म्हणूनच असतो. पण आर्मेचर जळले की तांब्याची तार हाताने पुन्हा भरून देणारे लोक आता मोजके उरले, कारण तयार आर्मेचर त्याहून स्वस्त मिळते. हा बदल यंत्रयुगाने आणला, त्यात कोणाचे कपट नाही. माझी तक्रार त्या खर्चाविषयी आहे, जो मेहनतीतून किंवा मालातून उत्पन्न होत नाही, केवळ दुसरा दरवाजा बंद केल्यामुळे उत्पन्न होतो.

हा भेद माझ्या पदरचा नव्हे. जानेवारी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगापुढे मोटारगाड्यांच्या सुट्या भागांविषयी एक फिर्याद दाखल झाली. तीन कंपन्यांविरुद्ध सुरू झालेल्या त्या चौकशीची व्याप्ती पुढे वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार-कंपन्यांना, त्यांच्या सरासरी उलाढालीच्या दोन टक्के या हिशेबाने, एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावणारा हुकूम दिला. अस्सल सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांखेरीज कोणाला देत नाहीत, त्यामुळे बाहेरचा कारागीर स्पर्धेतून बाद होतो आणि गाडीमालक एकाच दाराशी बांधला जातो, असा निष्कर्ष त्यात होता. काही भागांवर खरेदी किमतीच्या १०० टक्क्यांपासून सुमारे ५,००० टक्क्यांपर्यंत चढ घेतला जात असल्याचे चौकशीत निघाले. पण मला त्या निकालपत्रातील सर्वांत महत्त्वाचा भाग दंडाचा वाटत नाही. कंपन्यांनी असा युक्तिवाद केला होता, की ग्राहक गाडी घेतानाच तिच्या आयुष्यभराच्या देखभालीचा खर्च मनाशी मांडतो, म्हणून गाडीचा बाजार आणि सुट्या भागांचा बाजार हे वेगळे मानू नयेत. आयोगाने तो मान्य केला नाही; कारण असा हिशेब मांडण्यासाठी जी माहिती हवी ती ग्राहकाच्या हाती नसतेच. माझ्या आईच्या वहीतील वर्षारंभीचा तो अंदाज मला इथे आठवला. तिला जे सहज साधत होते, ते आज आपल्याला, तिच्याहून कितीतरी अधिक शिकून, साधत नाही.

सुटे भाग व साधने खुल्या बाजारात उपलब्ध करावीत, आणि बाहेरच्या कारागिराकडून काम करून घेतले एवढ्याच कारणाने हमी सरसकट रद्द करू नये, असेही त्या हुकमात होते. पुढे अपिले झाली, आणि अशा प्रकरणांत व्हायचे तेच झाले: वर्षे गेली. पुण्याच्या नाना पेठेत, जिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने एकापुढे एक लागलेली आहेत, एका जुन्या व्यापाऱ्याने मला सांगितले की जुन्या गाड्यांच्या बाबतीत गिऱ्हाइकाला अजून तीन पर्याय देता येतात, कंपनीच्या खोक्यातला माल, त्याच कारखान्यात तयार होऊन निराळ्या खोक्यात येणारा माल आणि साधा माल. नव्या गाड्यांत मात्र जो भाग संगणकाला ओळख पटवल्याशिवाय चालत नाही, तो त्याला ठेवताच येत नाही.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीला असते. तिच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक करार आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो असता आम्ही दोघांनी बसून पावत्या जुळवल्या, तेव्हा चार वर्षांत करारापोटी आणि कराराबाहेरच्या भागांपोटी दिलेली रक्कम यंत्राच्या मूळ किमतीच्या वर गेल्याचे आढळले. करार ‘सर्वसमावेशक’ होता, फक्त पडदा आणि गाळण्या त्यातून वगळलेल्या होत्या. आणि त्या यंत्रात पडदा व गाळण्यांखेरीज झिजण्यासारखे फारसे असते तरी काय? बाजारात ठरावीक मापाचे पडदे अनेकांचे मिळतात, परंतु तिच्या यंत्राची जोडणी अशी खास आहे की त्यात ते बसत नाहीत. मुदत भरली की यंत्र स्वतःच पाणी देणे बंद करते. जुन्या गाळणीतून आलेले पाणी अपायकारक ठरू शकते, म्हणून ही सोय योग्यही असेल. पण पाणी बंद पडल्यावर शहात्तर वर्षांच्या बाईने भावाची घासाघीस करावी तरी कशी?

वार्षिक कराराची कल्पना आपल्याला नवी नाही. बलुते म्हणजे दुसरे काय होते? त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’त जी व्यवस्था तपशिलाने वर्णिली आहे, तीत सुताराने कुणब्याची औते वर्षभर नीट राखावयाची, लाकूड कुणब्याचे, मेहनत सुताराची, आणि सुगीला खळ्यावर त्याने आपल्या हक्काचे धान्य न्यावयाचे. त्या व्यवस्थेला जातीची बेडी होती, तीत माणसाचा जन्मच त्याचा धंदा ठरवी, आणि तिचे पुनरुज्जीवन कोणी इच्छू नये. तथापि तिच्यातील एक गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. सुताराचे धान्य ठरलेले असल्यामुळे नांगर वारंवार मोडण्यात त्याचा काडीचाही लाभ नव्हता. उलट जितका नांगर टिकाऊ, तितके त्याचे श्रम कमी. आजच्या करारात टिकाऊपणाचा लाभ करार देणाऱ्याला होतो की त्याच्या अभावाचा, हा प्रश्न प्रत्येक कागदाच्या पाठीमागील बारीक अक्षरे वाचून ज्याचा त्याने सोडवावा लागतो.

शेतीतील दुरुस्तीला आणखी एक परिमाण आहे, जे शहरात कळत नाही, ते म्हणजे वेळेचे. पाऊस पडून गेल्यावर जमिनीला वाफसा येतो. तो चार-पाच दिवस टिकतो, आणि त्या दिवसांत तिफण चालली नाही तर तो हंगाम परत बोलावता येत नाही. तासगाव भागातील एका शेतकऱ्याकडे मी दोन दिवस राहिलो. त्याच्या घरी वीस वर्षांपूर्वीचा ट्रॅक्टर आहे, आणि त्याचा डिझेल पंप, क्लच, हायड्रॉलिक या सर्वांची कामे गावातील मेस्त्री झाडाखाली बसून करतो. शेजारच्या वस्तीवर मोठ्या ताकदीचा नवा ट्रॅक्टर आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक मानक लागू झाले, त्यासाठी या वर्गात इंधन सोडण्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे होत चालले आहे. धूर कमी होतो हे चांगलेच झाले. पण परवाच्या पेरणीत त्याचा पट्टीवरचा दिवा लागला आणि इंजिन मंद झाले, तेव्हा मेस्त्रीच्या हाती पाना असून उपयोग नव्हता. ‘दादा, ह्याला पान्याची नाही, लॅपटॉपची भाषा कळती,’ असे तो म्हणाला. विक्रेत्याचा माणूस तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने अर्ध्या तासात काम केले. बिल फार नव्हते. त्या तीन दिवसांचा आकडा मात्र कोणत्याही बिलात लिहिला जात नाही. अमेरिकेतील शेतकऱ्यांनी हाच प्रश्न कायदेमंडळात नेला, आणि कोलोराडो राज्याने २०२३ साली शेतीच्या यंत्रांची दुरुस्ती करण्यास लागणारी साधने व माहिती मालकाला देणे कंपन्यांवर बंधनकारक केले.

आपल्याकडे कायदा कुठवर आला आहे? ग्राहक चळवळीचा वारसा तर आपल्याच घरचा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला तो अशा लोकांच्या खटपटीनंतर. आजचा कायदा २०१९ चा, अंमल जुलै २०२० पासून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लागतोच असे नाही, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तू सदोष निघाली किंवा सेवेत कसूर झाली तर या दाराशी न्याय मिळू शकतो. परंतु हमी संपल्यानंतर सतराशेचे काम होत असता कोणी जवळजवळ नऊ हजारांचा बोर्ड सांगितला, तर त्यात दोष कोणता आणि कसूर कोणती? भाग खरा आहे, किंमत छापील आहे, मी मोकळा आहे. केवळ मला दुसरीकडे जावयास वाट नाही.

ती वाट करून देण्याचा विचार केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून आरंभला. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या अशी चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांनी आपली दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी मांडावी यासाठी सरकारी संकेतस्थळ सुरू झाले. याचे स्वागत केले पाहिजे. पण माहिती मांडणे ऐच्छिक असणे आणि सुटा भाग देणे बंधनकारक असणे यांत फार अंतर आहे. युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून कपडे धुण्याच्या यंत्राचे ठरावीक सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवलेच पाहिजेत असा नियम केला. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून काही वस्तूंवर, त्या दुरुस्त करण्यास किती सोप्या आहेत याचे दहापैकी गुण दुकानातच लिहिलेले असतात. गिऱ्हाइकाला वस्तू घेण्यापूर्वी, दुकानात उभे असताना, तिच्या पुढच्या खर्चाचा अंदाज यावा यासाठी अशी एक चिठ्ठी पुरेशी असते, आणि आपल्या बाजारात ती चिठ्ठी सक्तीची व्हावी असे मला मनापासून वाटते.

दुरुस्तीचे दुकान हे केवळ खर्चाचे ठिकाण नसते, याचा विसर पडू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात उद्योगाला हात घातला तो सायकलींच्या दुकानाने. त्या दुकानात हाताला लागलेले वळण पुढे लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंत गेले. तपकीर गल्लीतील मास्तरांकडे आज दोन मुले शिकतात. तिसरा होता, तो मोबाइलचे पडदे बदलण्याच्या दुकानात गेला, कारण तिथे पैसा रोज दिसतो. मास्तर त्याला दोष देत नाहीत. नवे बोर्ड आले की त्यांच्या माहितीतला एक तुकडा दर वर्षी निरुपयोगी होतो आणि नवा तुकडा कोणी देत नाही, एवढेच ते म्हणाले.

बोर्ड बसवावयास मास्तर स्वतः आमच्या घरी आले. झडप बदलली, यंत्र पाण्याने भरू लागले, तो आवाज ऐकून आमच्या घरातून चहा आला. झाकण लावण्यापूर्वी त्यांनी खिशातून जाड शाईची लेखणी काढली आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला तारीख लिहून तिच्यापुढे लिहिले, ‘इनलेट व्हॉल्व्ह नवा, ट्रायक नवा, थर काढला आहे, ओल लागू देऊ नये.’ मी म्हणालो, ‘मास्तर, हे तुमच्यासाठीच ना?’

‘नाही काका,’ ते स्क्रू आवळीत म्हणाले, ‘पुढच्या वेळी कोण उघडेल, काय सांगावं.’